पहिल्या ओळीची चूक

“ओळ एक म्हणतंय ना मॅडम, मग ओळ एकच बघा की.”

हे वाक्य माझं. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, हातात चहाचा कप आणि नजर भलत्याच कामावर. पलीकडे शेवाळे मॅडम होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “ओळ एकमध्ये नेमकं काय चुकलंय, ते मला कसं कळावं?”

“तिथं ‘२५ ते ४५’ असं लिहिलंय का तुम्ही? ते ‘ते’ आम्ही गेल्याच महिन्यात आणलंय. जुन्या पद्धतीनं लिहून बघा.”

“बघते,” म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी चहा संपवला.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. नाशिकला गंगापूर रोडवर एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आमची सहा जणांची कंपनी होती आणि तिचे मालक देवरे सर. पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका संघासाठी आम्ही एक प्रणाली केली होती. हवामानाचे आकडे यायचे, कोणत्या बागेची छाटणी कधी झाली ते संघाकडे नोंदवलेलं असायचं, आणि दोन्हींचा मेळ घालून बागायतदारांच्या मोबाइलवर सल्ला जायचा: आज फवारणी करा, उद्या पाणी देऊ नका. कोणत्या परिस्थितीत कोणाला काय सांगायचं, याचे नियम संघाच्या पीकतज्ज्ञ मंदाकिनी शेवाळे स्वतः लिहायच्या. त्यांना ते मराठीत लिहिता यावेत म्हणून मी एक छोटी भाषा तयार केली होती. ‘जर’, ‘आणि’, ‘किंवा’, ‘तर सल्ला’ अशा साध्या शब्दांची. त्या भाषेचा मला फार अभिमान होता.

तिच्यातली एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगत नसे. मॅडमचा एकेक नियम वीस-तीस ओळींचा असायचा. माझा प्रोग्रॅम त्या सगळ्या ओळी आधी एकमेकींना जोडून एक लांबलचक ओळ करायचा आणि मग वाचायचा. असं केलं की माझं काम सोपं होई. पण जोडताना कोणता शब्द मुळात कितव्या ओळीवर होता, हे मी जपून ठेवलेलंच नव्हतं. प्रोग्रॅमला एवढंच ठाऊक असे की नियम कुठे सुरू झाला. त्यामुळे चूक तिसाव्या ओळीवर असली तरी पडद्यावर एकच वाक्य उमटायचं: ‘ओळ १: वाक्यरचना अवैध.’

साडेअकराला मॅडमचा पुन्हा फोन आला.

“तेजल, मी पहिली ओळ बदलली. तरी तेच येतंय. बाराच्या आत नियम मशीनवर चढला नाही तर आजचे मेसेज जाणार नाहीत. उद्या दुपारी पाऊस सांगितलाय.”

“मॅडम, आमच्याकडे तर चालतंय. तुमच्या टायपिंगमध्ये काहीतरी असेल.”

मग त्या म्हणाल्या, “बरं.”

पावणेबाराला नियम चढला. मॅडमनी कळवलं, ‘झालं.’ मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

तो नोव्हेंबर महिना होता. ज्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटणी केली होती, त्यांच्या बागा ऐन फुलोऱ्यात येत होत्या. त्या नाजूक दिवसांत अवकाळी पाऊस झाला की डाऊनी नावाचा बुरशीचा रोग येतो, आणि तो पानावर थांबत नाही, घडात शिरतो. पावसाच्या आधी फवारणी झाली तर बाग वाचते. मॅडमचा तो नियम नेमका याच बागांसाठी होता, छाटणी होऊन पंचवीस ते पंचेचाळीस दिवस झालेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उगावच्या पंढरीनाथ कुशारे नावाच्या बागायतदाराने मॅडमना फोन केला. “मॅडम, माझ्या शेजाऱ्याला मेसेज आलाय. त्याची बाग साठ दिवसांची. माझी तीस दिवसांची, अन् मला काहीच नाही. असं कसं?”

मॅडमनी नियम उघडला आणि पहिली ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं: ‘छाटणीनंतरचे दिवस ४५ पेक्षा जास्त’.

काय झालं होतं ते पुढे त्यांनीच मला सांगितलं. पहिली ओळ चुकीची आहे असं मशीन सांगत होतं, मीही सांगत होते. म्हणून हमखास चालणारी एक ओळ त्यांनी दुसऱ्या नियमातून उचलून तिथे ठेवली, निदान ही तरी चालते का हे पाहायला. तरीही मशीन तेच म्हणत राहिलं. शेवटी घड्याळाकडे बघत त्यांनी खालचा सगळा भाग पुसून नव्याने टाइप केला. खरी चूक तिथे होती. चौथ्या ओळीवर गावांच्या यादीसाठी उघडलेला कंस बंद करायचा राहून गेला होता. नव्याने टाइप करताना तो आपोआप बंद झाला आणि नियम चढला. पहिली ओळ मूळपदावर आणायची मात्र त्या घाईत राहिली. ज्या बागांना धोका नव्हता त्यांना मेसेज गेले. ज्यांना होता, त्यांना नाही.

त्या सकाळी मॅडम आणि संघातले दोन कारकून, असे तिघं मिळून फोन लावत बसले. तीनशेच्या वर बागा होत्या. दुपारी दोनला पाऊस सुरू झाला तेव्हा निम्म्याहून अधिक फोन झाले होते. बऱ्याच जणांनी पावसाआधी भर दुपारी ब्लोअर काढून फवारणी उरकली. काही जण जुने जाणते, त्यांनी आभाळ बघून आदल्या दिवशीच केली होती. पण चाळीसेक बागा सापडल्या. दहा दिवसांनी त्यांच्यातले घड काळे पडून गळू लागले. कुशारेंची बाग त्यातलीच एक.

संघाच्या कार्यालयात बैठक लागली. सचिव बाळासाहेब मोगल मधल्या खुर्चीत, बाजूला पाच संचालक. देवरे सर मला सोबत घेऊन गेले होते. वाटेत गाडीत म्हणाले, “तू काही बोलू नकोस. विचारलं तर सांगायचं, लॉग तपासून कळवतो.”

मी रात्रंदिवस तो लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली प्रत्येक प्रयत्नाची नोंद, तपासला होता. मॅडमनी सव्वा तासात अकरा वेळा प्रयत्न केला होता आणि अकराही वेळा माझ्या प्रोग्रॅमने त्यांना एकच उत्तर दिलं होतं: ओळ १.

मोगल साहेबांनी सरळ विचारलं, “मॅडम, हे झालं कसं?”

शेवाळे मॅडम उभ्या राहिल्या. फिकट निळी साडी, हातात एक लहानशी डायरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“पहिली ओळ मी बदलली. तपासायला म्हणून बदलली आणि परत नीट करायची राहिली. माझ्या हातून झालं.”

“यंत्रणेत काही दोष?” एका संचालकाने देवरे सरांकडे बघत विचारलं.

सर काही म्हणायच्या आत मॅडम म्हणाल्या, “ओळ मी लिहिली, साहेब. यंत्रणेने नाही.”

मी मांडीवरच्या फाइलच्या कडेशी चाळा करत होते. तोंड उघडायला तेवढी एक वेळ होती आणि ती गेली. ठरलं असं की यापुढे मॅडमच्या प्रत्येक नियमावर दुसऱ्या कोणाची तरी सही लागेल. बावीस वर्षं द्राक्षात काम केलेल्या बाईंच्या कामावर सही करणार कोण, तर संघाचे हिशेबनीस. मॅडमनी मान डोलावली आणि बसल्या.

परतताना गाडीत देवरे सर म्हणाले, “सुटलो.”

पुढचे चार दिवस मी काम करत होते म्हणायचं, एवढंच. पाचव्या दिवशी रजा टाकली आणि एसटीने पिंपळगावला गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण संघाच्या कार्यालयाच्या दारात उभी राहिल्यावर त्यातलं काही आठवेना.

मॅडम टेबलाशी होत्या. समोर कोणाच्या तरी बागेतली पानं पसरलेली.

“ये. खुर्ची घे.”

“मॅडम, त्या दिवशी मी फोनवर…”

“ते राहू दे. वेळ आहे ना तुला? मग इथं बस, माझ्या जागेवर.” त्यांनी उठून मला आपल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्या दिवशीच्याच नियमाची एक वेगळी प्रत उघडली. एकतीस ओळी होत्या. “जरा तोंड तिकडे कर.” मी भिंतीकडे बघितलं. त्यांनी एक कळ दाबल्याचा आवाज आला. “मी यात एक चूक केलीय. एकच. आता शोध.”

मी बटण दाबलं. ‘ओळ १: वाक्यरचना अवैध.’

मला माहीत होतं की हे खोटं आहे. ते वाक्य मीच लिहिलं होतं. तरी माझी नजर आधी पहिल्या ओळीवर गेली. तिथं काही नव्हतं. दुसरी, तिसरी वाचली. आणि मग, कसं कोण जाणे, पुन्हा पहिल्या ओळीवर आले. ‘२५ ते ४५’ मधला आकडा बरोबर आहे का, मध्ये जागा सुटलीय का, हे बघू लागले. एकदा तर तो ‘ते’ पुसून पुन्हा लिहिला. मॅडम शेजारी बसून पानं उलटून बघत होत्या.

एकवीस मिनिटांनी, कागदावर कंस मोजत मोजत, मला ती सापडली. चौदाव्या ओळीवर ‘पानांची ओल’ या अटीनंतरचा कंस गेला होता.

“सापडला,” मी म्हटलं. “मॅडम, ही भाषा मीच केलीय. तरी मला एकवीस मिनिटं लागली.”

“मला त्या दिवशी तासभर लागला. त्या मानानं तू हुशार.” त्या हसल्या, आणि ते हसणं टोचणारं नव्हतं. मग त्यांनी टेबलावरचं एक पान माझ्यापुढे धरलं. “हे बघ. वर पिवळा तेलकट डाग दिसतोय ना? शेतकरी फोन करतो, म्हणतो पान पिवळं पडलं. मी नुसतं ‘वेलीला रोग आहे’ म्हटलं तर त्याचा काय उपयोग? वेल केवढी मोठी. मी त्याला सांगते, डाग जिथं दिसतोय तिथंच पान उलट.” त्यांनी पान उलटलं. मागे पांढरी बुरशी होती. “दिसतं एकीकडे, असतं दुसरीकडे. दोन्ही जागा सांगितल्या तरच तो शोधू शकतो. एकच सांगितली तर तो तिथंच खरवडत बसतो.”

मी पान हातात घेऊन बघत राहिले.

“तुझ्या मशीनला चूक कधी कळते?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“वाचता वाचता कुठंतरी ते अडत असेल ना. कुठं?”

मी विचार केला. “कंस बंद व्हायच्या आधीच ‘तर’ हा शब्द आला की. म्हणजे या नियमात एकोणिसाव्या ओळीवर.”

“आणि उघडला कुठं होता?”

“अकराव्या.”

“मग अकरा सांग आणि एकोणीस सांग. मधल्या सात-आठ ओळी मी बघीन. तेवढे डोळे आहेत मला.”

दुपारी त्यांनी डबा उघडला. भाकरी आणि मेथीची भाजी होती. अर्धी भाकरी मला दिली. जेवताना त्यांनी कुशारेंच्या बागेचं काय झालं ते सांगितलं, किती घड गेले, किती राहिले. मला ऐकवण्यासाठी नाही, त्यांच्या डोक्यात तेच चालू होतं म्हणून. निघताना म्हणाल्या, “आणि तो ‘अवैध’ शब्द काढ बाई. तो वाचला की आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं.”

देवरे सरांना मी सांगितलं की ओळी जोडायची पद्धत मोडून सगळं नव्याने लिहायचंय.

“संघानं मागितलंय का?”

“नाही.”

“मग?”

“सर, लॉगमध्ये अकरा वेळा ओळ एक आहे. तुम्हीही बघितलंय.”

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे मोजले. मग म्हणाले, “तीन आठवडे. त्यापुढे नाही.”

त्या तीन आठवड्यांत मी प्रत्येक शब्दाबरोबर त्याची ओळ आणि त्या ओळीतली जागा जपून ठेवायला शिकले. प्रत्येक कंस उघडला की त्याची नोंद ठेवायची, बंद झाला की खोडायची. शेवटी जो उरेल त्याचं नाव घ्यायचं. हे लिहायला फार कठीण नव्हतं. अवघड होतं ते त्या क्षणी समोर बसलेल्या माणसाला काय माहीत असतं आणि काय नसतं, हे डोळ्यांसमोर ठेवणं. एखाद्या दिवशी मी चार तास फक्त एका वाक्यावर घालवायचे. मग ते पिंपळगावला पाठवायचे आणि मॅडमचं उत्तर यायचं: ‘समजलं नाही’ किंवा ‘समजलं, पण लांब आहे’.

चौथ्या सोमवारी मी पुन्हा त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी गावांच्या यादीतला तोच कंस पुसला आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं:

‘ओळ ४ वर उघडलेला कंस बंद झालेला दिसत नाही. ओळ १९ वर ‘तर’ आला तेव्हा हे लक्षात आलं. या दोन ओळींच्या मध्ये कुठेतरी तो बंद करायचा राहिला असावा.’

खाली चौथी आणि एकोणिसावी ओळ आकड्यांसकट छापली होती आणि त्या कंसाखाली एक खूण होती.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. “नववी ओळ,” म्हणाल्या, आणि कंस घातला. सगळ्याला अर्धं मिनिट लागलं. माझ्या पाठीवर त्यांनी नुसता हात ठेवला आणि लगेच पुढचा नियम उघडला.

पुढे मी पुण्याला गेले. आज मी ज्या गटात काम करते, तिथे जगभरचे लोक वापरतात अशा एका प्रोग्रॅमिंग भाषेचे चुकांचे संदेश सुधारायचं काम चालतं. अनेक ओळींवर पसरलेल्या चुका हा माझा विषय. मुलाखतीत मला विचारलं होतं, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, पिंपळगावला.

त्या नोव्हेंबरनंतर बारा वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या. संघाच्या सभागृहात निरोप समारंभ होता. मोगल साहेब आता अध्यक्ष होते. पहिल्या रांगेत कुशारे बसले होते, केस पूर्ण पांढरे. भाषणं चालू असताना कोणीतरी माझं नाव पुकारलं, “मॅडमबरोबर काम केलेल्या इंजिनिअर ताई दोन शब्द बोलतील.”

मी दोन शब्द लिहून नेले होते. ते पर्समध्येच राहिले.

“ज्या वर्षी फुलोऱ्यातल्या बागांना मेसेज गेला नाही,” मी म्हटलं, “त्या वर्षी पहिली ओळ मॅडमनी बदलली, हे तुम्हाला माहीत आहे. ती बदला असं त्यांना मी सांगितलं होतं. चूक पहिल्या ओळीत नव्हती. माझा प्रोग्रॅम दर वेळी पहिलीच ओळ दाखवायचा, मग चूक कुठेही असो. त्यांनी मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी त्यांचं ऐकून घेतलं नाही. बैठकीत मी त्यांच्या समोरच बसले होते आणि गप्प राहिले. आज मी जे काही आहे ते त्यानंतर त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं म्हणून.” मी कुशारेंकडे बघितलं. “काका, तुमची माफी मागायला मला बारा वर्षं लागली.”

कुशारे हळूच म्हणाले, “बस पोरी खाली, बस.” मी बसले.

चहाच्या वेळी मोगल साहेब मॅडमजवळ आले. “मॅडम, मग इतकी वर्षं तुमच्या कामावर आम्ही दुसरी सही कशापायी घेत होतो?”

“घेतलीत ते बरंच झालं,” मॅडम म्हणाल्या. “दोनदा माझी खरी चूक हिशेबनीसांनीच पकडली.”

साहेब हसत पुढे गेले. आम्ही दोघी कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसलो.

“कशाला सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही का नाही सांगितलंत?”

“दोन्ही फोन डायरीत लिहिले होते, वेळेसकट. डायरी त्या दिवशी हातातच होती.” त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. “पण तुझा चेहरा बघितला. तिथं तुझं नाव घेतलं असतं तर तुला तुझी बाजू मांडावी लागली असती. तुझ्या साहेबांनी मांडायला लावली असती. एकदा बाजू मांडली की माणूस ती सोडत नाही, पुढे तीच धरून बसतो. मला तुझ्याकडून बाजू नको होती. ते मशीन नीट व्हायला हवं होतं. पुढच्या पावसाच्या आत.”

लगेच त्यांनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला.

“एक राहिलंय अजून. सल्ल्याच्या मजकुराला सुरुवातीचं अवतरणचिन्ह घातलं आणि शेवटचं विसरलं, तर ते अजूनही फाइलची शेवटची ओळ दाखवतं. माझ्या जागी येणारी मुलगी नवीन आहे. तिला कळायचं नाही.”

कागदावर त्यांच्या अक्षरात सगळं लिहिलं होतं. नियम कोणता, चिन्ह कितव्या ओळीवर उघडलं, मशीनने कोणती ओळ दाखवली आणि कोणती दाखवायला हवी होती.

मी तिथूनच देवरे सरांना फोन लावला. म्हटलं, “सर, मला रविवारचा एक दिवस तुमचा जुना कोड उघडून द्या.”

“काय झालं?”

“शेवाळे मॅडमनी चूक काढलीय.”

“मग ये,” ते म्हणाले. “दोन्ही ओळी दाखवेल असं करून जा.”